रोज ट्यूना खाल्ला तर पाऱ्याचा धोका किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वजन ७० किलो, व्यायाम नियमित. प्रथिनं मिळावीत म्हणून गेलं वर्षभर तुम्ही रोज दुपारी ट्यूनाचा एक डबा खाता. पत्नीचं वजन ५५ किलो. ती आठवड्यातून तीन-चार वेळा तोच डबा खाते, आणि तुम्ही दोघं आता दुसऱ्या मुलाचा विचार करताय. सहा वर्षांच्या लेकीलाही ट्यूना आवडतो. पाऱ्याबद्दल कुठेतरी वाचलंत आणि धास्तावलात. खाणं बंद करू का, तपासणी करू का, पारा काढणारं औषध घेऊ का, असं विचारलंय.

घर एक, डबा एक, पण तिघांसाठी माझं उत्तर वेगळं आहे. तुम्ही या सवयीने आजारी पडाल असं मला वाटत नाही, तरी रोजचं प्रमाण उतरवा. पत्नीच्या बाबतीत मी थांबणार नाही, डबा आजच बदला. लेकीला आठवड्यातून दोन छोटे वाटे पुरेत. आणि मासे मात्र तिघांपैकी कुणीच सोडू नका. हे सांगून थांबलो असतो, पण विषबाधेच्या रुग्णांमध्ये इतकी वर्षं घालवल्यावर एक कळलंय, की कारण नीट समजलं नाही तर माणूस एक तर घाबरून सगळंच सोडतो, नाही तर महिन्याभरात सगळं विसरतो.

पारा समुद्रात येतो तो बराचसा हवेतून. कोळसा जळतो, छोट्या खाणींत सोनं वेगळं करायला पारा वापरतात, ज्वालामुखी धुमसतात. त्याची वाफ जगभर फिरते आणि पावसाबरोबर खाली येते. पुढे समुद्रात, जिथे प्राणवायू कमी असतो तिथे, काही जिवाणू या पाऱ्याला मिथाइल गट जोडतात. खरी काळजी या मिथाइल पाऱ्याचीच. जुन्या थर्मामीटरमधला चकचकीत पारा चुकून पोटात गेला, तर जवळजवळ सगळाच शौचावाटे बाहेर पडतो. मिथाइल पारा मात्र ९५ टक्क्यांच्या आसपास रक्तात शिरतो. शिवाय सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटला की तो शरीराला मेथिओनिनसारखा दिसतो, आणि ज्या दारातून मेथिओनिन मेंदूत आणि वारेतून गर्भात जातं, त्याच दारातून हाही आत जातो. पाहुण्याच्या वेशात आल्यावर त्याला अडवणार कोण?

शैवालातून तो बारीक जिवांत जातो, त्यांच्यातून छोट्या माशांत, छोट्यांतून मोठ्यांत, आणि प्रत्येक पायरीवर दाट होत जातो. ट्यूना या शिडीच्या वरच्या टोकाला. त्यात तो उष्ण अंगाचा, अखंड पोहणारा मासा, म्हणून त्याची भूकही मोठी. जितकं खाणार आणि जितकी वर्षं जगणार, तितका पारा त्याच्या मांसात बसणार. मांसात म्हणजे प्रथिनांत. म्हणून चरबी काढली, कातडी सोलली, तेल निथळलं, उकळलं, तळलं, लिंबू पिळलं, तरी पारा हलत नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की इथेच लिहून टाकतो: स्वयंपाकघरात पारा कमी करायचा एकही मार्ग नाही. जे ठरतं ते डबा निवडताना ठरतं.

कारण 'ट्यूना' हा एक मासा नाही. स्किपजॅक छोटा असतो आणि थोडीच वर्षं जगतो. अल्बाकोर आणि यलोफिन त्याहून मोठे. बिगआय दहा-पंधरा वर्षं जगू शकतो, आणि भक्ष्यासाठी काही शे मीटर खोल उतरतो, जिथल्या पाण्यात मिथाइल पाराच जास्त असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वर्षानुवर्षं नमुने तपासून काढलेल्या सरासरीत हे स्वच्छ दिसतं. दर ग्रॅम मांसात 'लाइट' डब्यात ०.१२६ मायक्रोग्रॅम पारा, अल्बाकोरच्या डब्यात ०.३५०, ताज्या यलोफिनमध्ये ०.३५४ आणि बिगआयमध्ये ०.६८९. म्हणजे दोघांनी 'मी ट्यूना खातो' म्हटलं, तरी एकाच्या ताटात दुसऱ्याच्या पाचपट पारा असू शकतो. तुलनेसाठी, सामनमध्ये ०.०२२ आणि सार्डिनमध्ये, म्हणजे तारलीच्या कुळातल्या माशांत, ०.०१३. या सरासऱ्या आहेत. दोन डब्यांत बराच फरक पडू शकतो, म्हणून दशांशाच्या पुढच्या आकड्यांवर फार विसंबू नका.

आता उठा आणि डबा हातात घ्या. समोर 'लाइट' किंवा 'चंक लाइट' लिहिलं असेल तर आत बहुधा स्किपजॅक असतो, क्वचित त्यात यलोफिनही मिसळलेला असतो. 'व्हाइट' म्हणजे अल्बाकोर. पण समोरच्या बाजूवर न थांबता मागचा बारीक मजकूर वाचा, कारण पुष्कळ डब्यांवर माशाचं शास्त्रीय नाव छापलेलं असतं. कात्सुवोनस पेलामिस असेल तर तो स्किपजॅक. थुन्नस अलालुंगा म्हणजे अल्बाकोर. थुन्नस ओबेसस म्हणजे बिगआय. आणि थुन्नस अल्बाकारेस वाचून 'हा अल्बाकोर' असं समजू नका. तो यलोफिन. या नावांत शिकलेली माणसंही फसतात. 'लाइट' हा शब्द मांसाच्या रंगाबद्दल आहे, उष्मांकांशी त्याचा संबंध नाही, हेही जाता जाता सांगतो. डब्यावरचं निथळलेलं वजन बघा. पुढचा हिशोब त्यावरच करायचा.

मर्यादा दोन प्रचलित आहेत. अमेरिकेची पर्यावरण संस्था दिवसाला दर किलो वजनामागे ०.१ मायक्रोग्रॅम म्हणते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये आठवड्याला दर किलोमागे १.३ मायक्रोग्रॅम ठरवलं. तुमच्या ७० किलोंना अमेरिकी मापाने आठवड्याला ४९ मायक्रोग्रॅम चालतात, युरोपीय मापाने ९१. तुमच्या डब्यात निथळून १०० ग्रॅम स्किपजॅक उरत असेल, तर सात डब्यांचे होतात साधारण ८८. म्हणजे एका मापाने काठावर, दुसऱ्याने जवळपास दुप्पट. पण तोच डबा अल्बाकोरचा असेल तर आठवड्याचे २४५, आणि मग दोन्ही मापं खूप मागे पडतात. म्हणून तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की डबा कुठल्या माशाचा, ते लिहिलेलंच नाही.

मर्यादा ओलांडली म्हणजे विषबाधा झाली, असं मात्र अजिबात नाही. ही रेषा कुठून आली ते बघा. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक पायलट व्हेलचं मांस खातात, आणि त्यात पारा भरपूर. तिथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या नाळेतल्या रक्तातला पारा मोजला आणि सातव्या वर्षी त्यांच्या चाचण्या घेतल्या. भाषा, लक्ष, स्मरण यांत बारीक घट दिसली. आजार म्हणावा इतकी नव्हे, पण मोजता येईल इतकी. अमेरिकी मर्यादा मुख्यतः त्या आकड्यांवरून, दहापट सुरक्षिततेचं अंतर ठेवून काढली आहे. म्हणजे ही रेषा पोटातल्या बाळासाठी आखलेली आहे. प्रौढ पुरुषाने ती थोडी ओलांडली तर त्याच्या हातापायांना काही होत नाही.

खरी विषबाधा कशी असते, हे जगाने मिनामाटात पाहिलं. जपानमधल्या या किनाऱ्यावर चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून मिथाइल पारा थेट खाडीत जात होता. १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. ओठ-बोटं बधिर, तोल जाणं, नजरेच्या कडा मिटत जाऊन नळीतून पाहिल्यासारखं दिसणं. आणि सर्वांत मोठा धडा असा, की आई वरवर धडधाकट आणि बाळ मात्र गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलेलं. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं बियाणं लोकांनी दळून खाल्लं, तिथेही हेच दिसलं. ती मात्रा ट्यूनाच्या डब्यांतून पोटात जाणाऱ्या पाऱ्याच्या कितीतरी पट होती, म्हणून ती चित्रं डोळ्यांपुढे आणून जेवू नका. पण गर्भाचा मेंदू आईच्या मेंदूपेक्षा फार नाजूक असतो, हे तिथूनच कळलं. पुढे नाळेच्या रक्तात आईच्या रक्ताहून जास्त, सरासरी दीडपटीच्याही वर पारा सापडतो, हेही कळलं.

दुसरी बाजू तितक्याच मोकळेपणाने मांडायला हवी. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आया आठवड्याला डझनभर वेळा समुद्री मासे खात, अंगात पाराही चांगलाच, तरी मुलांच्या चाचण्यांत सातत्याने नुकसान दिसलं नाही. ब्रिटनमध्ये १९९१-९२ च्या सुमारास गरोदर असलेल्या हजारो स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांची मुलं शाब्दिक बुद्धिमत्तेत मागच्या गटात पडण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. माशात डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल आहे, आयोडीन आहे, सेलेनियम आहे, आणि बाळाचा मेंदू यांतूनच घडतो. घाबरून मासे सोडणाऱ्या गरोदर बाईचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तिने काळजीपोटीच बाळाची शिदोरी कमी केलेली असते. सेलेनियम पाऱ्याला बांधून ठेवतं, म्हणून ट्यूना कितीही खा, असाही एक युक्तिवाद चालतो. सेलेनियम पाऱ्याला धरतं हे खरं. पण त्याच्या भरवशावर मर्यादा सोडून द्यावी इतका पुरावा नाही.

हृदयाचं दोन वाक्यांत सांगतो. फिनलंडमधल्या अभ्यासात जास्त पारा असलेल्या पुरुषांत हृदयविकार जास्त दिसला. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, २०११ मध्ये, तसा संबंध आढळला नाही. तुमचं हृदय ठीक असेल तर या कारणाने झोप उडवून घेऊ नका.

एक रुग्ण सांगतो, म्हणजे आकड्यांना चेहरा मिळेल. तिशीतला तरुण, व्यायामशाळेत जाणारा, आठ महिने रोज अल्बाकोरचे दोन डबे. थकवा जात नाही म्हणून आला. बोलता बोलता आहार विचारला, तेव्हा डब्यांचं कळलं. रक्तातला पारा निघाला लिटरला ४२ मायक्रोग्रॅम. जे फारसे मासे खात नाहीत त्यांचा साधारण एकाच्या आसपास असतो, आणि अमेरिकी मर्यादेइतकं रोज खाणाऱ्याचा सहाच्या खाली. मी त्याला डोळे मिटून उभं केलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, बोटांच्या टोकांवर सुईचा स्पर्श तपासला, नजरेच्या कडा पाहिल्या. सगळं व्यवस्थित. कुठलंही औषध दिलं नाही, फक्त ट्यूना थांबवला आणि त्याजागी अंडी, डाळी, छोटे मासे आणले. दोन महिन्यांनी पारा २२, चार महिन्यांनी ११. थकवा मात्र पाऱ्याबरोबर उतरला नाही. तो रात्री पाच तास झोपत होता. झोप वाढवली तेव्हा कुठे बरं वाटलं. अहवालात एक आकडा वर दिसला की सगळी दुखणी त्याच्या माथी मारायचा मोह डॉक्टरलाही होतो, मलाही झाला होता.

तो ४२, २२, ११ हा उतार लक्षात ठेवा. मिथाइल पारा रक्तातून निम्मा व्हायला साधारण ५० ते ६० दिवस लागतात. यकृत तो पित्तावाटे आतड्यात सोडतं, तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि तो शौचावाटे जातो. म्हणूनच एखाद्या दिवशी दोन डबे खाल्ले तर काही बिघडत नाही आणि आठ महिने रोज खाल्ले तर बिघडू शकतं. रोज भर पडत राहिली की पातळी चढत चढत, साधारण वर्षभरात, एका उंचीवर स्थिरावते. तुमचं वर्ष झालंय, म्हणजे आज तपासलंत तर जो आकडा येईल तोच तुमच्या सवयीचा खरा आकडा.

तेव्हा तपासणी. तुमची आणि पत्नीची करून घ्या, लेकीला सुई टोचायची गरज नाही. 'संपूर्ण रक्तातला पारा' अशी मागणी करा, कारण मिथाइल पारा ९० टक्क्यांहून जास्त तांबड्या पेशींत असतो आणि नुसत्या सीरमने, म्हणजे पेशी काढून उरलेल्या द्रवाने, फसगत होते. लघवीची तपासणी माशांतल्या पाऱ्यासाठी कामाची नाही. तिथे दिसतो तो दातांतल्या जुन्या चांदीच्या सिमेंटचा किंवा कारखान्यातल्या वाफेचा पारा. केसांची तपासणी चांगली असते. डोक्याच्या मागच्या बाजूने, त्वचेलगत कापलेला पहिला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण मागचा महिना. केस लांब असतील तर सेंटिमीटर मोजत वर्षभराची डायरी वाचता येते. केसात ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅमच्या आत असलं की निश्चिंत.

एका प्रकाराला मात्र ठाम नकार द्या: आधी पारा खेचणारी गोळी देऊन मग लघवी तपासणं. गोळी दिल्यावर कुणाच्याही लघवीत पारा वाढलेलाच दिसतो. मग तो आकडा गोळी न घेतलेल्यांच्या मापाशी ताडून 'तुमच्यात विष भरलंय' असं सांगितलं जातं आणि महागडे उपचार सुरू होतात. मी असे घाबरलेले लोक पाहिलेत, आणि त्यांना शांत करायला त्यांच्या तपासणीपेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. डीएमएसएसारखी पारा खेचणारी औषधं खऱ्या विषबाधेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. ती रक्तातला पारा काढतात, पण मेंदूला झालेली इजा त्याने भरून येते असं सिद्ध झालेलं नाही. जस्त-तांब्यासारखी गरजेची खनिजंही सोबत जाऊ शकतात. चुकीचं औषध, म्हणजे डायसोडियम ईडीटीए, दिल्याने रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. कोथिंबीर, क्लोरेला हे शैवाल, घाम काढणं यांनी माशातला पारा निघतो याला भरवशाचा पुरावा नाही. कोथिंबीर चवीसाठी जरूर खा.

आणखी एक, कारण यावरून धावपळ होते. ट्यूना खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल झाला, तोंडाभोवती चुरचुरलं, डोकं ठणकलं, धडधडलं, तर तो पारा नव्हे. मासा नीट गार न ठेवल्याने त्यात तयार झालेलं हिस्टामाइन असतं ते. ते शिजवूनही जात नाही, आणि त्याला ताबडतोब डॉक्टर गाठावा. पाऱ्याच्या मुंग्या अशा जेवणाच्या ताटावर येत नाहीत. त्या महिनोन्महिने साठल्यावर, हळूहळू, दोन्ही हातांना आणि ओठांभोवती येतात, आणि मग जात नाहीत.

तर घरात काय करायचं. तुम्ही स्किपजॅकचे आठवड्याला तीन डबे खा, हवं तर कधी चौथा. बाकीचे दिवस सार्डिन, बांगड्याच्या जातीतले लहान मासे, सामन. प्रथिनं तितकीच मिळतील आणि ओमेगा-३ ट्यूनाच्या 'लाइट' डब्यापेक्षा बरंच जास्त. अल्बाकोर आवडत असेल तर आठवड्याला एकदाच, आणि त्या आठवड्यात दुसरा ट्यूना नको. बिगआय, शार्क, तलवार मासा हे रोजच्या खाण्यातले मासेच नव्हेत.

पत्नीचा हिशोब कडक आहे. ५५ किलोंना अमेरिकी मापाने आठवड्याला साधारण ३८ मायक्रोग्रॅम. स्किपजॅकचे तीन डबे म्हणजे तेवढेच झाले, चौथा वर जातो. अल्बाकोरचे तीन म्हणजे १०५. तिने ट्यूना फार तर आठवड्याला एक 'लाइट' डबा ठेवावा आणि आठवड्याचे २२५ ते ३४० ग्रॅम मासे कमी पाऱ्याच्या जातींतून पुरे करावेत. गर्भ राहण्याआधी तीन-चार महिने हे पाळलं तर जुन्या साठ्यातला मोठा भाग निघून गेलेला असेल. आणि समजा उद्याच कळलं की दिवस गेलेत, तर मागे काय खाल्लं याचा घोर लावून घेऊ नका. तीन-चार डब्यांच्या सवयीने मिनामाटा होत नाही. त्या दिवसापासून डबा बदला आणि डॉक्टरांना खाण्याचं सगळं मोकळेपणाने सांगा.

लेकीचं वजन वीस किलोंच्या आसपास धरलं तर तिच्या वाट्याला आठवड्याला १४ मायक्रोग्रॅम, म्हणजे 'लाइट'चा जेमतेम एक डबा. तो दोन वेळांत वाटून द्या, प्रत्येक वेळी साधारण ५० ग्रॅम, आणि अल्बाकोर तिला देऊच नका. तिला माशाची आवड आहे हे चांगलंच आहे, फक्त तिला सार्डिनची चव लागू द्या. पहिल्यांदा नाक मुरडेल, तरी आठवडाभराने पुन्हा वाढा.

रक्ताचा आकडा आला की मला कळवा, आणि सोबत डब्यावरचं शास्त्रीय नाव आणि निथळलेलं वजनही लिहा. १० च्या आत असेल तर वर लिहिलेलं पाळून सहा महिन्यांनी पुन्हा एकदा पाहू. त्याच्या वर असेल तर ट्यूना पूर्ण थांबवून दोन महिन्यांनी परत तपासू. तोवर तो निम्म्यावर आलेला असायला हवा. आला नाही, तर पारा दुसरीकडून कुठून येतोय ते शोधावं लागेल.